दिवा बंद कर म्हणून ओरडण्याआधी मीटर बघा

संध्याकाळी कुणाच्याही घरी जा, एक वाक्य हमखास कानावर पडणार, "अरे त्या खोलीतला दिवा कोण बंद करणार, बिल काय मामा भरणारे का?" आमच्याकडेही हे रोजचंच आहे. पण तो दिवा असतो 9 वॅटचा एलईडी, रात्रभर जरी विसरला तरी एका युनिटचा दहावा हिस्सासुद्धा जळत नाही. आणि त्याच वेळी हॉलमध्ये कुणी नसताना पंखा गरागरा फिरतोय, गिझरचा स्विच सकाळपासून चालू आहे, गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागलीय तरी खाली मोटर चालूच आहे, आणि स्वयंपाकघरात चहाच्या एवढ्याशा पातेल्याखाली मोठा बर्नर लावून जाळ दोन्ही बाजूनी वर आलाय. यावरून मात्र कुणी कुणाला बोलत नाही. दिवा डोळ्यात भरतो म्हणून आपण दिव्यावर चिडतो, बाकीचं दिसत नाही म्हणून राहून जातं. मला आज हेच सांगायचंय, की काय किती खातं ते एकदा मोजून बघा आणि मग ठरवा कशावरून बोलायचं ते.

मोजायला काही विकत आणायला लागत नाही. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, त्याच्या जवळपास 3200 इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं (काही मीटरवर 1600 असतं, जे असेल ते बघून घ्या). म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. मोबाईलमध्ये एक मिनिटाचा टायमर लावायचा, मीटरसमोर उभं राहायचं आणि मोजायचं. जेवढे आले त्याला 60 ने गुणायचं आणि 3200 ने भागायचं, आले किलोवॅट. मिनिटात 16 वेळा लुकलुकलं तर 0.3 किलोवॅट, म्हणजे त्या घडीला घरात 300 वॅट चालू आहेत. एकच जुना पंखा फुल्ल स्पीडवर लावला तर मिनिटाला साधारण 4. नुसता 9 वॅटचा एलईडी लावला तर दोन मिनिटांनी कुठे एकदा लुकलुकतो, वाट बघत उभं राहावं लागतं. 1000 वॅटची इस्त्री लावली की पन्नासच्या पुढे, आणि 2000 वॅटचा गिझर लावला की शंभराच्या वर जातं, मोजताना बोटं चुकतात.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या काकू जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "काय मोजायलीस गं मीटरपाशी उभी राहून?" त्यांना सांगितलं तर त्यांनी त्यांच्याही मीटरवर मोजायला लावलं. आता आमच्या अख्ख्या बोळात हा उद्योग झालाय, पोरांना तर खेळच मिळाला, "आई मिक्सर लाव ना, मी मोजतो" असं चालतं. पोरांना सांगून जे कळत नाही ते असं मोजताना कळतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता अजून एक करायचं. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा पाच मिनिटं काढा, मेन स्विच मात्र चालू ठेवा, आणि बघा मीटर शांत होतो का. आमच्याकडे झाला नाही. शोधत गेलो तर एक सेटटॉप बॉक्स आणि एक इन्व्हर्टर. टीव्ही आपण रिमोटने बंद करतो पण सेटटॉप बॉक्स आतून चालूच असतो, 10 वॅट जरी धरले तरी चोवीस तास आणि तीस दिवस म्हणजे महिन्याला 7 युनिट, कुणी काही न बघता. त्याला आता भिंतीवरच्या स्विचवरूनच बंद करतो. इन्व्हर्टरचं असं आहे की बॅटरी जुनी झाली, तिच्यातलं पाणी आटलं की ती सारखी चार्ज होत राहते, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहायची आणि बॅटरी मरायला आली असेल तर बदलायची. हे सगळं काढूनही मीटर लुकलुकत राहिलं तर मात्र वायरमनला बोलवा, कुठेतरी करंट लीक होतोय, आणि तिथे प्रश्न बिलाचा राहत नाही, शॉक लागायचा असतो. मोबाईलच्या चार्जरवरून मात्र घरात भांडणं करू नका, मोबाईल लावलेला नसताना तो अगदी नगण्य खातो.

हे सगळं कशासाठी, शे-दोनशे रुपयांसाठी का, असं आमच्या नणंदबाई म्हणाल्या. पैसे आहेतच, पण सोलापूरच्या माणसाला याच्यात अजून एक गोष्ट कळायला पाहिजे. आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा वीज प्रकल्प आहे, 660 मेगावॅटचे दोन संच, एकूण 1320 मेगावॅट, कोळशावर चालतो आणि त्याचं पाणी उजनी धरणातून येतं. कोळशाची वीज एक युनिट करायची तर साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो, आणि पाणी युनिटमागे तीन-साडेतीन लिटरपर्यंत वापरायची मर्यादा अशा केंद्रांना घालून दिलेली आहे. ज्या उजनीच्या पाण्याची आपण नळाला चार-चार पाच-पाच दिवस वाट बघतो, घागरी, पिंप, सगळं भरून ठेवतो, त्या गावात तरी रिकाम्या खोलीत पंखा फिरू नये असं मला मनापासून वाटतं.

पंख्याचं सविस्तर सांगते, कारण आपल्या गावात बिलाचा मोठा वाटा पंख्याचाच असतो. मार्चपासून पावसापर्यंत पंखा बंद होतच नाही, पारा 42-43 च्या पुढे जातो, रात्री दोन वाजतासुद्धा भिंती गरम असतात. जुना साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला 18 तास चालला तर एका पंख्याचे महिन्याला 40 युनिट, तीन पंखे म्हणजे 120. नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तेवढाच वारा 28 ते 35 वॅटमध्ये देतो, म्हणजे महिन्याला 15 ते 19 युनिट. तो साध्या पंख्यापेक्षा महाग पडतो हे खरं, पण जो पंखा दिवसरात्र चालतो तिथे तो आपले पैसे दोन उन्हाळ्यात फेडतो. सगळे पंखे एकदम बदलायची अजिबात गरज नाही. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा महिन्यातून चार दिवस चालतो, तो जुनाच राहू दे. जिथे म्हातारी माणसं दिवसभर असतात, जिथे सगळे झोपतात, तिथला आधी बदला. आणि भिंतीवर तो जुना मोठा डब्यासारखा रेग्युलेटर असेल, जो हात लावला की गरम लागतो, तो काढून टाका, तो पंख्याचा वेग कमी करतो पण वाचलेली वीज स्वतः तापण्यात घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर स्वस्त मिळतो आणि कमी स्पीडला खरंच कमी वीज खातो. अजून एक, पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून आपल्याला थंड करतो, त्यामुळे "खोली गार व्हावी म्हणून आधीच लावून ठेवलाय" याला काही अर्थ नाही.

पण एक सांगते, पत्र्याच्या घरात, जिथे एका खोलीत सहा माणसं राहतात आणि दुपारी बायका बीड्या वळत बसतात, तिथल्या पंख्याला कुणी वायफळ खर्च म्हणू नये. तिथे वरच्या पत्र्याचं काहीतरी करायला पाहिजे. आणि स्लॅबच्या घरातही खरा त्रास वरूनच येतो. पूर्वी आपल्या भागात माळवदाची घरं होती, लाकडाच्या वर जाड पांढऱ्या मातीचा थर, आमच्या आज्जीच्या गावच्या घरात मे महिन्यातसुद्धा दुपारी अंगावर काहीतरी घेऊन झोपायचो. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्या डोक्यावर ओकतो. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. उन्हाळा लागायच्या आधी गच्ची घासून धुवायची, चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे, पावसाळ्यात जाईल ते जाईल, पुढच्या वर्षी परत. पैसे असतील तर ऊन परतवणारा तयार रंग मिळतो तो जास्त टिकतो. पत्र्यालाही पांढरा रंग मारता येतो. आमच्याकडे गच्ची पांढरी केल्यापासून रात्री वरच्या खोलीत पाय टाकला की फरक कळतो, आणि पंखा पाचवरून तीनवर आला.

सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद करून पडदे ओढायचे आणि ऊन उतरलं की सगळं उघडायचं, हे आमच्या सासूबाई वर्षानुवर्षं करतात. नव्या पिढीला "हवा येऊ दे" म्हणून भर दुपारी खिडक्या उघडायची सवय असते, तेव्हा बाहेरून येते ती झळ असते.

कूलर आपल्या हवेला चांगला, कारण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, पाणी लवकर उडतं आणि गारवा देतं. घरगुती कूलर दीड-दोनशे वॅटमध्ये चालतो. फक्त तो बंद खोलीत लावायचा नाही, समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे नाहीतर खोली दमट होऊन घाम अजून वाढतो. आणि बोअरचं पाणी घातलं की गवताच्या पॅडवर पांढरे क्षार बसून वाराच येत नाही, मग लोक म्हणतात कूलर खराब झाला. पॅड दरवर्षी बदला. एसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी 24 ते 26 वर ठेवून सोबत हळू पंखा लावावा. एक डिग्री वाढवली की सुमारे 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे ते स्टारवालं बीईई सांगतं, आणि 2020 पासून नवीन एसी चालू केल्यावर मुळातच 24 वर सेट होऊन येतात ते याचसाठी. 18 वर ठेवून रग पांघरून झोपणारे लोक मला कधी समजले नाहीत.

फ्रिज चोवीस तास चालतो म्हणून त्याच्या दाराच्या रबरावर लक्ष ठेवा. दारात दहाची नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची, सहज निघून आली तर रबर सैल झालंय, थंडी बाहेर चाललीय. फ्रिज गॅसच्या शेजारी किंवा उन्हाच्या भिंतीला नको, मागे जागा सोडा. गरम दूध, गरम आमटी आत नको. नवीन घेताना नुसते स्टार मोजू नका, त्या स्टिकरवर वर्षाला किती युनिट लागणार तो आकडा छापलेला असतो आणि कुठल्या वर्षाचं लेबल आहे तेही असतं, कारण स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, जुन्या लेबलवरचे पाच स्टार म्हणजे आजचे पाच नव्हेत.

गिझरबद्दल थोडक्यात. एक बादली, म्हणजे 20 लिटर, अंघोळीपुरतं गरम करायला जेमतेम 0.4 युनिट पुरतं. जास्त जाते ती वीज गिझर दिवसभर चालू ठेवल्याने, पाणी थंड होणार, तो परत तापवणार, असं चक्र. अंघोळीच्या आधी पंधरा मिनिटं लावा आणि बंद करा. बोअरचं पाणी असेल तर आतल्या कॉईलवर क्षारांचा थर बसतो, मग पाणी तापायला वेळ लागतो, दोन-तीन वर्षांतून उघडून साफ करून घ्या. आणि मार्चनंतर सोलापुरात गिझर कशाला लागतो ते मला कुणीतरी सांगा, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं.

मोटरचं दुखणं आपल्या गावाचं खास. नळ यायची वेळ झाली की गल्लीत एकदम सगळ्या मोटरी सुरू. हौदातून टाकीत चढवताना अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरसुद्धा पाचशे वॅटच्या आसपास घेते. टाकी भरून वाहायला लागली की पाणीही गेलं आणि वीजही, आणि पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात असं पाणी वाहताना बघून जीव तुटतो. टाकीत तरंगता बॉल असलेला स्विच मिळतो, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. पाण्याच्या माणसावर, पोरावर भरवसा ठेवण्यापेक्षा तो बसवून टाका. मोटर चालू केली आणि बराच वेळ पाणीच चढत नसेल तर खालचा फुटव्हॉल, म्हणजे हौदातल्या पाइपाच्या टोकाची झडप, गळतोय, तेवढा बदलला तरी रोजची दहा मिनिटं वाचतात.

आता स्वयंपाकघर. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण रोजचे दोन-अडीच तास तिथेच जातात. आपल्या देशाला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरून आणावा लागतो, बहुतेक आखाती देशातून, जहाजाने, मग टँकरने, मग टेम्पोने आपल्या दारात. आणि एवढ्या लांबून आलेल्या गॅसचं आपण काय करतो, तर चांगल्या शेगडीवरसुद्धा तीनातला एक हिस्सा हवा तापवण्यात जातो. आयएसआय मार्कच्या घरगुती शेगडीला किमान 68 टक्के उष्णता भांड्यात पोचवायची अट आहे, ती पण बर्नर स्वच्छ असताना. बर्नरवर दूध उतू गेलं, भोकं बुजली, की ज्योत पिवळी होते आणि भांड्याची बूडं काळी पडतात. बूड काळं म्हणजे जळायचा गॅस काजळी होऊन चिकटलाय. ज्योत निळी पाहिजे. बर्नर काढून पिनेने भोकं मोकळी करायची, कोमट पाण्यात घासायचा, पूर्ण वाळवून बसवायचा. तरीही पिवळीच राहिली तर हवेचं प्रमाण चुकतंय, शेगडीवाल्याला दाखवा.

जाळ भांड्याच्या बुडाच्या बाहेर येता कामा नये, ही एकच गोष्ट सवयीची झाली तरी सिलिंडर किती दिवस जास्त जातो ते बघा. चहाला छोटा बर्नर. झाकण ठेवायचं. आणि एकदा उकळी फुटली की गॅस बारीक करायचा, कारण उकळणारं पाणी मोठ्या जाळाने काही जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जास्त होते. भाजी लवकर शिजावी म्हणून गॅस मोठा करून ठेवतात ते खरंतर पाणी उडवत असतात आणि मग परत पाणी घालतात. कुकरचंही तेच. आत दाबामुळे 120 डिग्रीच्या आसपास तापमान जातं म्हणून लवकर शिजतं, पहिली शिट्टी झाली की आच मंद करा, डाळ त्या दाबात शिजतच राहते. सात-आठ शिट्ट्या म्हणजे सात-आठ वेळा वाफ बाहेर सोडली एवढंच. आमच्या सासूबाई शिट्ट्या मोजून डाळ शिजवणाऱ्या, त्यांना हे पटायला वेळ लागला. मी म्हटलं, "आई, एकदा एक शिट्टी करून दहा मिनिटं बारीक ठेवू, नाही शिजली तर तुमच्या पद्धतीने." शिजली. आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

आणि डाळ बोअरच्या पाण्यात लावू नका! हे गावाकडच्या प्रत्येक बाईला माहितीय की बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, पण शहरात येऊन विसरतात. कारण त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते डाळीच्या पेशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात, मग कितीही शिट्ट्या द्या, डाळ टणकच. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी शिजवायला, बोअरचं भांड्याला. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवले, हरभरा-राजमा रात्रभर भिजवला, की उरलेलं काम पाणीच फुकटात करतं.

भाकरीचं बघा. मंगळवेढ्याची ज्वारी आणायची आणि भाकरी एकेक करून गरम-गरम वाढायची, हे सुख आहे, ते मी कुणाला सोडा म्हणणार नाही. पण तवा एकदा तापला की सगळ्यांच्या भाकरी सलग उरकल्या तर तवा परत-परत तापवावा लागत नाही. आम्ही आता पीठ आधीच चाळून, पाणी कोमट करून, परातीपाशी सगळं मांडूनच गॅस पेटवतो, तवा तापत ठेवून मग डबा शोधायला जायचं नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकली की आच बारीक, आणि लोखंडी तव्यात जी धग उरते तिच्यावर शेंगाच्या चटणीचं जिरं, लसूण, मिरची परतून होते, कधी मेथी सुकवून होते. कडक भाकऱ्या करायच्या असतील तर एकाच दिवशी भरपूर करून ठेवायच्या, आठवडे टिकतात, आमटीत चुरल्या की जेवण झालं. त्या दिवशी गॅस फक्त आमटीपुरता.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, चादर. सोलापुरी चादर, जिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, जी प्रत्येकाच्या घरात जुनी होऊन कपाटाच्या तळाशी पडलेली असते. ती सुती, जाड, दुहेरी विणीची असते, उष्णता धरून ठेवते. एक मोठी टोपली घ्यायची, तळाला चादरीची जाड घडी. भात करायचा तर भिजवलेले तांदूळ जाड बुडाच्या पातेल्यात, घट्ट झाकण लावून पाच मिनिटं चांगली उकळी येऊ द्यायची, गॅस बंद, आणि पातेलं तसंच उचलून टोपलीत ठेवून चादर चारी बाजूनी आणि वरून गच्च लपेटायची. अर्ध्या तासाने उघडा, दाणा न् दाणा मोकळा शिजलेला असतो, आणि खाली लागण्याचा प्रश्नच नाही. हरभऱ्याला कुकरच्या दोन शिट्ट्या, पाच मिनिटं मंद, मग कुकर तसाच चादरीत तासभर. जितका वेळ तो चादरीत असतो तितका वेळ गॅस बंद असतो आणि आपणही मोकळ्या, भाजी चिरा नाहीतर जरा टेका. काळजी दोनच घ्यायच्या, चादर पेटत्या गॅसच्या आसपास आणायची नाही, आणि अन्न त्यात पाच-सहा तास कोमट ठेवायचं नाही, आपल्या उन्हाळ्यात आंबतं. तास-दीड तासात काढून गरमच वाढायचं.

सिलिंडर आल्यावर वजन करून घ्या, तो तुमचा हक्क आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवलं की भरलेल्याचं वजन आलं पाहिजे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असतो, नसला तर मागा. रबरी नळीवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळतीय, नळी पाच वर्षांत बदलायचीच असते. वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि 1906 ला फोन. आणि शेवटचा गॅस निघावा म्हणून टाकी आडवी करणं, गरम पाण्यात ठेवणं, हे कृपा करून कुणी करू नका, त्यात वाचणाऱ्या गॅसपेक्षा जिवाचा धोका फार मोठा आहे.

बिलाबद्दल एक गैरसमज खूप लोकांत आहे, की 100 च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटला कमी दर, 101 ते 300 ला त्याच्या दुपटीच्या आसपास, त्यापुढे अजून जास्त, पण वरचा दर फक्त वरच्या युनिटांनाच लागतो. म्हणून ज्यांचं बिल 150-200 युनिटचं आहे त्यांचं वाचलेलं प्रत्येक युनिट महागातलं वाचतं, वहन आकार आणि वीज शुल्क धरून दहा रुपयांच्या पुढेच. एक पंखा बदलून 22-24 युनिट वाचत असतील तर हिशोब तुम्हीच करा. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिटचे आकडे छापलेले असतात, रुपयांपेक्षा ते बघत जा, रुपये दरामुळे वर-खाली होतात, युनिट खरं सांगतात.

राहता राहिलं सोलर. आपल्याकडे ऊन इतकं, की गच्ची असलेल्या माणसाने विचार करायलाच हवा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, आणि 3 किलोवॅट किंवा जास्तीला 78 हजार रुपये सबसिडी. 1 किलोवॅटमधून महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट निघतात. पण एजंट आला की आधी त्याला चालू बिल दाखवू नका. आधी पंखे, गिझर, मोटर, सेटटॉप बॉक्स यांचं करून घ्या, दोन-तीन महिने मीटर बघा, त्यातले एक-दोन तरी उन्हाळ्याचे असू द्या, आणि मग किती किलोवॅट लागेल ते ठरवा. माझ्या भावाला 3 किलोवॅटचं कोटेशन दिलं होतं, घरातलं सगळं नीट केल्यावर त्याचं काम 2 मध्ये भागतंय. गच्ची पांढरी करायची असेल तर तीही पॅनल बसायच्या आधी करून घ्या, नंतर स्टँडच्या खाली वाकून ब्रश मारणं फार अवघड जातं.